शेवट काउंटरवर मिळेल

बाईंना कशाचाही शेवट बिघडलेला खपत नसे. जेवणाचासुद्धा. ताटातला शेवटचा घास कोणता असावा हे त्या पहिला घास घ्यायच्या आधी ठरवत. वांग्याची एखादी मसाला धरलेली फोड ताटाच्या कडेला सरकवून ठेवलेली असे, आणि जेवण संपेपर्यंत तिच्यावर त्यांचा डोळा असे. मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायला आले, त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला जेवायला बोलावलं. मी आपली आग्रह करायचा म्हणून अगदी शेवटी त्यांच्या ताटात एक पोळी वाढली. त्यांनी ती मुकाट्यानं खाल्ली, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "पूर्ण जेवण वाया गेलं माह्यं. आता संध्याकाळपर्यंत तोंडात ही कोरडी पोळी राहील."

फोनचंही तेच. एकदा मी फोनवर यवतमाळच्या आईशी बोलत होते. बोलणं झालं, "बरं, ठेवते" म्हणून मी फोन बंद केला. बाई खाली तांदूळ निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अशी काहून तोडून टाकली? परत लाव." मी परत लावला. आई घाबरून गेली, काय झालं म्हणून विचारायला लागली. काही नाही गं, जेवलीस का एवढंच विचारायचं राहिलं होतं, असं मी म्हटलं. आई इतकी खूश झाली की ती आणखी अर्धा तास बोलली, आणि तेवढ्यात बाईंचे तांदूळ निवडून झाले.

टीव्ही त्यांच्या घरात नव्हता. मालिका त्यांना अजिबात सोसत नसत. "ज्याले शेवट नाही ते करमणूक नाही, ते दुखणं आहे," असं त्या म्हणत. लग्नाला गेल्या तर मुलगी सासरी निघेपर्यंत थांबत, मग कितीही उशीर होवो. अर्ध्यातून उठून येणाऱ्या माणसाबद्दल त्यांचं मत कायमचं वाईट होई. मनगटावर वडिलांचं मोठं पुरुषी घड्याळ, अंगावर कडक इस्त्रीची सुती साडी, आणि रस्त्याच्या मधोमध चालायची सवय. ट्रकवाले हॉर्न वाजवून थकत आणि शेवटी बाजूनं निघून जात.

गाव केळापूरपासून जवळच, हायवेच्या अलीकडे. नाव लिहीत नाही, कारण हे लिहिलेलं बाईंच्या हाती पडलं तर त्या आधी शेवटचं पान उघडतील आणि मग मला फोन लावतील. मी तेव्हा कृषी सहायक होते. दिवसभर कपाशीच्या शेतांतून बोंडअळीचे सापळे तपासत हिंडायचं, आणि संध्याकाळी करायला काही नाही म्हणून वाचनालयात जायचं. बाई त्या वाचनालयाच्या ग्रंथपाल होत्या. एक लांबट हॉल, भिंतीला पुस्तकांची लोखंडी कपाटं, दाराशी काउंटर आणि समोर व्हरांडा, एवढंच ते वाचनालय.

तिथे जाडजूड ऐतिहासिक कादंबऱ्या होत्या, चरित्रं होती. ती सगळी निवांत उभी असत. घरोघरी फिरत ती फक्त एका लेखकाची पुस्तकं, पुण्याच्या एका भयकथा लिहिणाऱ्या लेखकाची. काळं मुखपृष्ठ, त्यावर लाल अक्षरं आणि कुठून तरी आलेला एक हात. त्यांची नावं कोणी घेत नसे. विहिरीचं, बाहुलीचं, आरशाचं, विरजणाचं असंच म्हणायची पद्धत होती. माणूस लिहायचा मात्र जबरदस्त. पंधराव्या पानावर तुमच्या पाठीमागचं दार तुम्हाला उघडं वाटायला लागायचं.

मी पहिल्यांदा विहिरीचं नेलं. दोन दिवसांत संपवत आणलं, आणि ऐन मोक्याच्या जागी, विहिरीत खालून कोणीतरी दोर ओढायला लागतं तिथे, पानं संपली. म्हणजे पानं होती, पण एकमेकांना डिंकानं चिकटवलेली. वर बाईंच्या टपोऱ्या अक्षरातली चिठ्ठी: शेवट काउंटरवर मिळेल.

बाई तर खालीच राहत होत्या. मी पुस्तक घेऊन धडधड जिना उतरले. त्या कणीक मळत होत्या.

"बाई, शेवट सांगा."

"काउंटरवर मिळेल. उद्या चारनंतर."

"अहो, तुम्ही इथेच आहात ना."

"मी इथं आहे. काउंटर तिथं आहे."

दुसरा दिवस मी मुकुटबनकडच्या एका शेतात तुरीच्या ओळींतून फिरत काढला. शेतकरी अळीचं विचारत होता आणि माझ्या डोक्यात तो दोर होता. चार वाजता काउंटरवर पोहोचले तर माझ्यापुढे रांग. ही पद्धत मला तेव्हा कळली. आधी पुस्तक जमा करायचं. मग बाई चष्मा काढून ठेवत, मनगटावरचं घड्याळ आतल्या बाजूला फिरवत आणि हळू आवाजात शेवट सांगत. हातवारे नाहीत, आवाज चढवणं नाही. ज्यांचं ते पुस्तक वाचून झालेलं नसे त्यांना त्या आधी व्हरांड्यात पाठवत. बाहेर चार-पाच मोठी माणसं कानात बोटं घालून उभी दिसली, की आत कोणाला तरी शेवट मिळतो आहे हे रस्त्यावरून जाणाऱ्यालाही समजे. पानं का चिकटवली असं विचारलं तर त्या म्हणत, "बांधणी कच्ची होती, निसटून राह्यलती." आणि खरं सांगायचं तर कोणी फारसं विचारतही नसे. बाईंच्या तोंडून शेवट ऐकायची सगळ्यांना चटक लागली होती.

रांगेत बाजाराच्या दिवशी हमखास असत ते भाऊ. मुकुटबनकडचे शेतकरी, कापूस, सोयाबीन, तूर असं सगळं घरचं, तब्येतीनं खाऊनपिऊन खूश. ते संध्याकाळी घरात मोठ्यानं पुस्तक वाचत आणि त्यांची म्हातारी आई ऐके. शेवट घेतला की भाऊ कोणाशी एक शब्द न बोलता मोटारसायकलवर बसत. "बोललो तं सांडते," ते मला म्हणाले होते. "घरी जाऊन जसाच्या तसा बुढीले द्या लागते."

विरजणाचं पुस्तक मी पावसाळ्यात वाचलं. त्या लेखकाचं ते सगळ्यांत गाजलेलं. एका गावात रोज तिन्हीसांजेला एक बाई दारोदार जाऊन विरजण मागते. तिन्हीसांजेला विरजण कोणी देत नाही, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. जे घर नाही म्हणतं त्या घरातलं एक माणूस आठवडाभरात अंथरुणाला खिळतं. भिऊन कोणी दिलंच, तर ती वाटी दारातच टाकून निघून जाते, आणि त्या घरातलं दूध पुन्हा कधी लागत नाही, नुसतं नासतं. तीनशे पानं ही बाई एकेक दार वाजवत पुढे सरकते, आणि शेवटी एका म्हाताऱ्या आजीच्या दारात येऊन उभी राहते. तिथे डिंक. बाईंनी काउंटरवर सांगितलेला शेवट ऐकून मी तिथेच, माणसांसमोर रडले होते. तो काय होता ते थोडं थांबून सांगते. बाईंनीही मला थांबवलं होतं.

पुढच्या महिन्यात यवतमाळच्या बसस्टँडवर तेच पुस्तक दिसलं. आईसाठी घेतलं, आणि गाडीत सहज शेवट उघडला. उघडला आणि गार पडले. पुस्तकात आजी नुसती किंचाळते. मग हिमालयातून एक तांत्रिक येतो, ज्याचं तीनशे पानांत कुठे नाव नाही. तो लिंबं कापतो, राखेचं रिंगण आखतो, त्या बाईला त्यात जाळतो. गाव सुटतं. आणि अगदी शेवटच्या ओळीत पुन्हा दारावर टकटक होते.

मी तडक बाईंपुढे पुस्तक ठेवलं. मला वाटलं त्या वरमतील.

"वाचलं ना?" त्या म्हणाल्या. "आता तूच सांग, हे लोकाइले कसं देऊ?"

"पण बाई, हे लेखकाचं पुस्तक आहे. तुम्ही स्वतःच्या मनानं शेवट सांगता?"

"मंग कोणाच्या मनानं सांगू? त्याच्या तं मनात नव्हतंच ना. त्याले जेवाची घाई झालती."

मग त्यांनी मला चहा दिला आणि सगळं सांगितलं. त्यांचे वडील कोर्टात शिरस्तेदार होते. दिवसभराचे निकाल ऐकून घरी येत आणि जेवताना मुलीला सांगत. ज्या दिवशी निकाल लागे पण न्याय झाला नाही असं त्यांना वाटे, त्या दिवशी ते गप्प बसत. लहानग्या बाई त्यांना सोडत नसत. मग ते तोच खटला पुन्हा पहिल्यापासून सांगत, आणि शेवटी जे व्हायला हवं होतं ते सांगत. त्याशिवाय या मुलीला झोप येत नसे.

"भूताची गोष्ट म्हणजे दिवाणी दावा असते," बाई म्हणाल्या. "भूत वादी आहे. त्याचं काहीतरी राह्यलेलं असते, म्हणून ते येते. त्याले इचारलंच नाही, तुह्यं म्हणणं काय म्हणून, आन् भायेरून एक तांत्रिक आणून हाकलून देलं. हा निकाल झाला का? हे तं वादीले मारून दावा बंद करणं झालं."

वाईट शेवटांची त्यांना मनापासून चीड होती. सगळं स्वप्न होतं असं सांगणारे, घराला आग लावून मोकळे होणारे, शेवटच्या ओळीत बाहुलीचे डोळे उघडून पुढच्या पुस्तकाची सोय करणारे. पण त्या सरसकट सगळ्यांना डिंक लावत नसत, हेही सांगायला हवं. आरशाच्या पुस्तकाला त्यांनी बोटही लावलं नव्हतं. ते त्या वर्षातून एकदा स्वतः घरी आणून वाचत, आणि त्या दिवशी जेवताना शेवटच्या घासाची आठवणही त्यांना राहत नसे.

माझ्या मनात मात्र धाकधूक सुरू झाली. वाचनालयाचे अध्यक्ष कापसाचे व्यापारी होते. पुस्तकाशी त्यांचा संबंध फोटोपुरता, पण वाचनालयाची इमारत, रंग, पंखे यांवर बारीक लक्ष. त्यांना एकदा असं चिकटवलेलं पुस्तक सापडलं होतं. बाईंच्या बांधणीच्या गोष्टीवर त्यांचा विश्वास बसला नव्हता. त्यांच्या पुतणसुनेनं ग्रंथपालाचा कोर्स केला होता, हेही एक कारण. त्यांनी बाईंना सगळ्यांदेखत बजावलं होतं, "पुन्हा पुस्तकाले डिंक लागलेला दिसला तं वाचनालयाची चावी माह्याकडं आणून द्याची. मंग काही आयकून घेणार नाही." ती चावी बाई कमरेला खोचून हिंडत. घरात दुसरं कोणी नाही, नातेवाईक नावापुरते. चार वाजता ते दार उघडणं आणि काउंटरमागे बसणं, एवढ्यावर ही बाई उभी होती. ती चावी गेली असती तर बाईंचं काय झालं असतं याचा विचार मी करत नसे.

आणि अशात अध्यक्षांनीच ती बातमी आणली. लेखक येणार होते. टिपेश्वरला वाघ बघायला दोन दिवसांसाठी येणार, तेव्हा अध्यक्षांनी कुठून कुठून ओळख काढून त्यांना वाचनालयात तासाभरासाठी पकडलं होतं. वाचनालयाच्या ग्रुपवर मेसेज फिरला: वाचकांशी गप्पा, प्रश्नोत्तरे, सर्वांनी यावे.

"बाई, विरजणाचं पुस्तक कपाटातून काढून ठेवू आपण," मी म्हटलं. "आणि लोकांना सांगू, शेवटाबद्दल काही विचारू नका."

"कायले? लोकाइले जे वाटते ते बोलतील."

"आणि चावी?"

त्यांनी चावी कमरेला नीट खोचली. पण त्या दिवशी जेवण झाल्यावर त्यांच्या ताटाकडे माझं लक्ष गेलं. कडेला ठेवलेली वांग्याची फोड तशीच राहिली होती. बाई घाबरलेल्या मी तेव्हाच काय त्या पाहिल्या.

लेखक सकाळची सफारी करून आले. अंगात खिसेच खिसे असलेलं जाकीट, डोक्यावर टोपी. वाघ दिसला नव्हता, त्यामुळे जरा नाराज. दुपारी तीन वाजता दुसऱ्या सफारीची जिप्सी त्यांना न्यायला थेट वाचनालयापाशी येणार होती. हॉल गच्च भरला होता, माणसं खिडक्यांत बसली होती. अध्यक्षांनी स्वागत केलं, लेखक भीतीवर छान बोलले, आणि मग प्रश्न विचारा म्हणून सांगितलं.

भाऊ उठले. नवा कुर्ता घालून आले होते.

"साहेब, मी इकडं मुकुटबनकडचा. मले प्रश्न नाई, मले फक्त सांगाचं होतं. तुमच्या विरजणाच्या पुस्तकात ते बाई शेवटी वाटी धुऊन परत आणते आन् वाटीत चिमूटभर साखर ठेवते ना, ते आयकून आमची बुढी लय रडली. आता ते शेजारची वाटीबी रिकामी जाऊ देत नाई. तुमचे उपकार आहेत."

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मी डोळे मिटून घेतले.

"कोणती साखर?" लेखक म्हणाले.

"वाटीतली, साहेब."

"माझ्या पुस्तकात साखर नाही."

भाऊ समजुतीनं हसले. "लय पुस्तकं लिहिता तुम्ही. ध्यानात नसंल राह्यलं."

मग सगळा हॉलच लेखकाच्या मदतीला धावला. बिचाऱ्याला स्वतःचं पुस्तक आठवत नाही म्हटल्यावर लोकांना कळवळा आला. एक निवृत्त मास्तर उठून म्हणाले, "सर, ती आजी विचारते बघा, 'कोणासाठी पाह्यजे गं?' म्हणून. तोपर्यंत कोणी तिला विचारलेलंच नसतं." मागून एक शेतकरीण म्हणाली, "मग ते सांगते ना, घरी चुलीवर कोमट दूध ठेवून आलते, विरजण मागाले निघाली आन् वाटेतच मेली. लेकराले सकाळी दही पाह्यजे होतं." खिडकीतून कोणीतरी सांगितलं, "मंग आजी स्वतः वाटी घेऊन तिच्यासंगं जाते, त्या पडक्या घरात." लेखक एकेकाकडे बघत होते. त्यांची अवस्था अशी, की आपल्याच घरात शिरावं आणि खोल्या भलत्याच निघाव्यात.

अध्यक्षांना काय झालं ते कळलं नाही, पण काहीतरी बिघडलं हे कळलं. त्यांनी कपाटातून विरजणाचं पुस्तक काढायला लावलं. उघडलं. शेवटची पानं घट्ट, वर चिठ्ठी. त्यांनी ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचली आणि बाईंकडे हात पुढे केला.

"चावी द्या, बाई."

बाई काउंटरमागून उठल्या. कमरेची चावी काढली आणि टेबलावर, लेखकांच्या पुढ्यात ठेवली. मान ताठ होती. 

"थांबा," लेखक म्हणाले. "हे तुम्ही चिकटवलंत?"

"हो."

"का?"

"आतलं वाचलं म्हणून."

लेखकांचा चेहरा लाल झाला. "या पुस्तकाच्या किती आवृत्त्या निघाल्या, माहीत आहे तुम्हाला?"

"निघाल्या असतील. तीनशे पानं तुम्ही आमाले त्या बाईचं भेव दाखवलं. ते रोज दार वाजवते. भिऊन कोणी विरजण देलं तं वाटी दारात टाकून जाते, म्हणजे तिले नुसतं विरजण नको होतं. एकानं तरी इचाराले पाह्यजे होतं, कोणासाठी म्हणून. गावानं नाही इचारलं, ठीक आहे, ते भेलेले होते. पण तुम्ही तं भेलेले नव्हते. तुम्ही कायले नाही इचारलं?"

लेखकांनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

"सांगा," ते म्हणाले. "तुमचा शेवट पूर्ण सांगा."

बाईंनी चष्मा काढला. घड्याळ आत फिरवलं. आणि सवयीनं म्हणाल्या, "ज्याइचं वाचून नाही झालं त्याइनं भायेर जा." दोघं-तिघं खरोखरच उठून व्हरांड्यात गेली.

मग त्यांनी सांगितलं. आजी तिच्याबरोबर त्या पडक्या घरात जाते. चुलीवर भांडं आहे, आणि इतक्या वर्षांनीही दूध कोमट आहे, कारण ते तिची वाट बघत थांबलं आहे. आजी स्वतःच्या हातानं विरजण घालते, झाकण ठेवते. मग दोघी भिंतीला टेकून बसून राहतात, दही लागेपर्यंत. आजीला भीती वाटते का? वाटते. पण दही लागायच्या आत उठून जाता येत नाही, हे दोघींना माहीत आहे. पहाटे आजीचा डोळा लागतो. जाग येते तेव्हा ती आपल्या घरी, आपल्या अंथरुणात असते. दारात तिची वाटी असते, घासून स्वच्छ केलेली. आणि आपल्याकडे वाटी रिकामी परत करत नाहीत म्हणून वाटीत चिमूटभर साखर. त्या गावातलं दूध त्या दिवसापासून नीट लागायला लागतं.

भाऊंनी उपरण्यानं डोळे पुसले. लेखक टेबलाकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, "आणि विहिरीचं?"

बाईंनी विहिरीचं सांगितलं. मग बाहुलीचं. बाहेर जिप्सीचा हॉर्न वाजला, अध्यक्ष वाकून म्हणाले, "सर, गाडी लागली." लेखक म्हणाले, "जाऊ द्या." अशा रीतीनं त्या माणसाचा दुसराही वाघ गेला.

"माझा एकही शेवट तुम्हाला आवडला नाही?" त्यांनी शेवटी विचारलं. आवाजात आता राग नव्हता. परीक्षेचा पेपर हातात घेतलेल्या पोराचा आवाज असतो तसा आवाज होता.

बाई कपाटाकडे गेल्या आणि आरशाचं पुस्तक घेऊन आल्या. वापरून वापरून मऊ पडलेलं. शेवटचं पान उघडून त्यांच्यापुढे धरलं. डिंकाचा ठिपकाही नव्हता. त्या पुस्तकात आरशातली मुलगी शेवटी जात नाही. घरातली मुलगी फक्त आरसा उचलते आणि खिडकीकडे तोंड करून ठेवते, म्हणजे आतल्या मुलीलाही रस्ता दिसेल.

"असं लिहिणाऱ्या माणसानं तांत्रिक आणावा, याचा मले राग आलता," बाई म्हणाल्या. "ज्याले येत नाही त्याचा राग कोण करते?"

लेखक पुस्तकाच्या कडा चाचपत राहिले. "या शेवटावर मला सगळ्यांत जास्त शिव्या पडल्या," ते म्हणाले. "भूत मारलंच नाही म्हणून. प्रकाशकानं सांगितलं, पुन्हा असं करू नका. मी केलं नाही."

"कराले पाह्यजे होतं."

"हो," ते म्हणाले. मग त्यांनी टेबलावरची चावी उचलली, उभे राहिले आणि दोन्ही हातांनी बाईंना दिली. मग पहिली टाळी अध्यक्षांनीच वाजवली, कारण समोर त्यांनीच बोलावलेल्या फोटोवाल्याचा कॅमेरा होता. आणि त्यानंतर जो टाळ्यांचा कडकडाट झाला, तसा मी त्या हॉलमध्ये पुन्हा कधी ऐकला नाही. मी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की दुसऱ्या दिवशी सापळ्यांच्या नोंदी करताना तळहात दुखत होते. बाई जिंकल्या होत्या, आणि मला असं वाटत होतं की मीच जिंकले आहे.

जाताना बाईंनी लेखकांना घरून एक स्टीलचा डबा आणून दिला. पोळ्या, झुणका, आणि कोपऱ्यात कागदात गुंडाळलेली तिळाची वडी. "वडी शेवटी खाजा," त्यांनी दोनदा बजावलं. वाचनालयाच्या भिंतीवर पुढे अध्यक्षांनी चावी देतानाचा मोठा फोटो लावला. त्यात मधोमध ते स्वतः आहेत.

वर्ष उलटलं. माझी बदलीची ऑर्डर आली होती, त्या आठवड्यातला तो बाजाराचा दिवस. कापसाची वेचणी जोरात होती, तरी चारच्या रांगेत पाच-सहा माणसं होतीच. मी काउंटरच्या बाजूला बाईंना परत आलेली पुस्तकं लावू लागत होते. मान वर केली तर रांगेत, मास्तरांच्या मागे आणि भाऊंच्या पुढे, लेखक उभे. लोकांनी त्यांना पुढे जायला सांगितलं. बाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "रांगेनं या." ते आनंदानं रांगेत थांबले.

त्यांची पाळी आली. त्यांनी पिशवीतून बाईंचा डबा काढून काउंटरवर ठेवला, आणि शेजारी एक नवं कोरं पुस्तक. काळं मुखपृष्ठ, लाल अक्षरं.

बाईंनी आधी डबा उघडला. आत साखर होती.

बाईंनी साखरेला बोट लावून पाहिलं. मग पदरानं डोळे टिपून म्हणाल्या, "वडी शेवटी खाल्ली ना?" लेखकांनी मान हलवली. बाईंनी डबा झाकला आणि पुस्तक उचललं. रांगेला थांबायला सांगून पहिल्या पानापासून चाळायला सुरुवात केली. कोणी कुरकुरलं नाही. ऊन काउंटरवरून सरकून कपाटांवर गेलं. लेखक खिडकीतून बाहेर बघत उभे होते आणि हाताची बोटं एकसारखी मोडत होते. मीही काम सोडून उभी राहिले. बाई शेवटच्या प्रकरणापाशी आल्या, मग शेवटच्या पानाशी. चष्मा काढला. ड्रॉवर उघडला. डिंकाची बाटली तिथेच असायची, आणि त्यांचा हात तिच्यापाशी गेलेला मी पाहिला. त्यांनी बाटली उचलली, तिचं बूच घट्ट बसवलं, परत आत ठेवली आणि ड्रॉवर लावून टाकला.

मग त्यांनी पुस्तकावर शिक्का मारला आणि ते भाऊंच्या हातात दिलं.

"मंग, शेवट घ्याले कधी येऊ, बाई?" भाऊंनी विचारलं.

"येऊ नका," बाई म्हणाल्या. "याचा शेवट आतच आहे."